अदानाचा कबाब आणि आमचे शीखवाले

धंद्यानिमित्त तुर्कस्तानात जाणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंना आमचे सांगणे आहे की, दक्षिणेकडील अदाना शहरी गेल्यास रस्त्यावरच्या निखाऱ्यांपाशी थोडे उभे राहावे. कबाब खावाच, पण कारागिराचा हातही पाहावा. मेंढ्याचे मांस व शेपटीची चरबी यंत्रात न घालता कमानदार पात्याच्या मोठ्या सुरीने बारीक करण्याची तिथली रीत आहे. त्यात मीठ आणि लाल मिरची. मसाल्याची गर्दी नाही. आमच्या जिभेला पहिला घास साधाच वाटणार! सळई रुंद, चपटी असते, म्हणून ती उलटली की खिमाही तिच्यासोबत उलटतो.

शिकण्यासारखी खरी गोष्ट मात्र पुढेच आहे. 'अदाना कबाब' या नावाला तेथे २००५ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडे हैदराबादच्या हलीमने ते २०१० मध्ये मिळवले. मग आमचे शीखवाले मागे का?

नुसते 'शीख कबाब' हे नाव सर्वांचे आहे, त्यावर हक्क सांगून उपयोग नाही. पण ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या एक ठरावीक पद्धत चालत आली आहे, तेथील कारागिरांनी संघटना करून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करावा. एकट्या दुकानदाराला तो करता येत नाही. घोडे अडते ते इथेच. अर्जात कृती लिहून द्यावी लागते, आणि आमचे उस्ताद मसाल्याचे प्रमाण सख्ख्या भावालाही सांगत नाहीत.