थोडं प्रेशर वाढवू का?



आपल्या वडोदऱ्यातल्या बऱ्याच मराठी घरांत अजून एखादी वीस वर्षांची गाडी आहे. विकायला मन होत नाही आणि मूळ पार्ट मिळत नाहीत. आमच्याकडे बाबांची २००४ची एस्टीम आहे. तिचा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर गेला आणि ओरिजिनल काही मिळेना, म्हणून बाजारातला ॲडजस्टेबल रेग्युलेटर बसवला. असे किट आता ऑनलाइन सहज मिळतात, आणि त्यावरचा स्क्रू फिरवायचा मोह सगळ्यांनाच होतो. आजचा लेख त्या स्क्रूबद्दल.

आधी हा पार्ट करतो काय ते पाहू. पंप टाकीतून गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाठवतो. रेग्युलेटरमध्ये एक पडदा आणि स्प्रिंग असते. दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की पडदा सरकतो आणि जादा पेट्रोल रिटर्न पाइपने टाकीत परत जातं. इनटेक मॅनिफोल्डकडून एक बारीक व्हॅक्युम नळीही त्याला जोडलेली असते. त्यामुळे इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक कायम राहतो, साधारण ३ बार. पडदा फाटला की पेट्रोल त्या नळीतून थेट इंजिनात ओढलं जातं. आमच्याकडे तेच झालं होतं. ॲव्हरेज पडलं, सकाळी काळा धूर, आणि नळी काढून पाहिली तर आतून ओली.

बदलण्याचं काम तासा-दोन तासांचं आहे, पण क्रम चुकवू नका. इंजिन थंड, जागा उघडी, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. नवा रेग्युलेटर एक्झॉस्टपासून लांब बसवायचा. नवीन ओ-रिंगला थोडं इंजिन ऑइल लावायचं. पाइप फ्युएल इंजेक्शनसाठीचाच आणि इथेनॉल चालणारा हवा, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. साधा रबरी पाइप ३ बारला फुटू शकतो, आणि तो फुटतो तो गरम इंजिनावर. सगळं जोडून झालं की इंजिन न लावता दोन-तीनदा चावी ऑन करायची आणि प्रत्येक जोड हाताने तपासायचा.

नंतर सेटिंग. इंजिन चालू ठेवून व्हॅक्युम नळी काढायची, तिचं तोंड बंद करायचं आणि गेजवर मॅन्युअलमधला आकडा आणायचा. लॉकनट घट्ट करून नळी परत लावली की दाब साधारण अर्धा बार उतरला पाहिजे. उतरला नाही, तर नळी किंवा रेग्युलेटरमध्ये दोष आहे.

इथेच गॅरेजवाले भाई म्हणाले, "थोडुं प्रेशर वधारी दउं? पिकअप सारुं थशे."

मी नको म्हटलं, आणि त्याचं कारण माझ्या रोजच्या कामातलं आहे. अशा गाडीचा ईसीयू पेट्रोलचा दाब मोजत नाही. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा हे तो ठरवतो, आणि त्या हिशेबात ३ बार गृहीत धरलेले असतात. आपण बाहेरून दाब ३.६ केला तर पेट्रोल सुमारे साडेनऊ टक्के जास्त जातं, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. प्रोग्रामला न सांगता त्यातला आकडा बदलण्यासारखं आहे हे. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर चूक सांभाळून घेतो. पण पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की ईसीयू त्याचं ऐकत नाही. मग प्लग काळे होतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो आणि पीयूसीला आकडे वर जातात. दाब कमी ठेवला तर उलट होतं. मिश्रण पातळ पडून इंजिन नॉक करतं, आणि ते जास्त महागात पडतं.

मोठे इंजेक्टर किंवा टर्बो लावून ईसीयूचं ट्यूनिंगही नव्याने केलं असेल, तर तो स्क्रू कामाचा. रोजच्या गाडीत त्याचं काम एकच, मूळ आकडा परत आणणं. बाबांनी एका वाक्यात निकाल दिला: "अरे, गाडी पळवायची नाहीये, टिकवायची आहे."

तुमची गाडी अलीकडची असेल तर रेग्युलेटर बहुधा टाकीतच असतो आणि रिटर्न पाइप नसतो. तिथे हे किट सरळ बसत नाही, मागवण्याआधी तपासा. आणि बसवल्यावर पहिले आठ दिवस रोज बॉनेट उघडून पाइप बघा. पेट्रोलचा वास आला तर चावी फिरवू नका.