काष्ठातील देव आणि वसुबारस

आश्विन वद्य द्वादशीस आपण सवत्स धेनूचे पूजन करतो, तिच्या पायांवर पाणी घालतो, उडदाचे वडे भरवितो. त्याच तिथीला सह्याद्रीच्या कुशीतील कोकणा, वारली, महादेव कोळी बांधवांची वाघबारस असते. गुराखी वाघदेवापुढे खिरीचा नैवेद्य ठेवून गुरांचे रक्षण मागतात. आपण त्या दिवशी गाईचे दूध वर्ज्य करावे आणि त्यांनी खीर शिजवावी! आचार भिन्न, चिंता मात्र एकाच गोधनाची.

हा वाघदेव बहुधा लाकडाचा. उभ्या फळीवर वा खांबावर वाघ, चंद्र, सूर्य, नाग कोरलेले, वर शेंदूर. ना गाभारा, ना कळस. आमच्या शिंदखेड्याहून पश्चिमेस डोंगराकडे गेले की ही उघड्यावरची दैवते भेटू लागतात. ते पाहून काही शिकलेली मंडळी नाक मुरडतात, ‘हा कसला देव?’ म्हणून विचारतात.

वाचकहो, हा प्रश्न शास्त्राला धरून नाही. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत शिलेच्या पाठोपाठ काष्ठाचाच क्रम लागतो. वराहमिहिराने तर बृहत्संहितेत मूर्तीसाठी लाकूड आणण्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला. स्मशानातील, वाटेवरचा, वारुळाचा वृक्ष घेऊ नये. रात्री वृक्षाची पूजा करावी, त्यावर वसणाऱ्या भूतमात्रांना बली देऊन अन्यत्र जाण्याची विनंती करावी, मगच कुऱ्हाड उचलावी. ग्राह्य वृक्षांत देवदार-चंदनाच्या पंक्तीला त्याने मोहही बसविला आहे. आणि पुरीचा जगन्नाथ? तो तर दारुब्रह्मच. 2015 साली नवकलेवर झाले, तेव्हा कडुनिंबाच्या काष्ठातून त्या मूर्ती नव्याने घडल्या. लाकूड झिजते, म्हणून देव झिजत नाही.

सातासमुद्रांपलीकडे, आफ्रिकेतील नायजेरियात, योरुबा लोकांत जुळी मुले फार जन्मतात. त्यांतले एक दगावले तर ‘इबेजी’ नावाची छोटी लाकडी मूर्ती कोरवून घेण्याची तेथे परंपरा आहे. माता तिला न्हाऊ घालते, वस्त्र नेसविते, घास भरविते. हात फिरून फिरून कित्येक मूर्तींचे नाक-डोळेही पुसट झाले आहेत. आपल्या देव्हाऱ्यातील पिढ्यान्‌पिढ्या घासलेले टाक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. अशा शेकडो इबेजी आज परदेशी संग्रहालयांत काचेआड उभ्या आहेत. तेथे त्यांना न्हाऊ कोण घालणार?

वाघदेवाचेही तेच होऊ लागले आहे. शहरांतील दिवाणखान्यांत ‘आदिवासी कला’ म्हणून असे खांब शोभेला उभे राहतात. कारागिराने विक्रीसाठीच कोरलेली वस्तू खुशाल घ्यावी, त्याचे पोट त्यावर आहे. परंतु जुना, शेंदूर माखलेला खांब कोणी दाराशी आणला, तर भाव करण्याआधी तो कोणत्या गावच्या शिवेवरून उपटला, हे त्याला विचारावे. आणि उत्तर आले नाही, तर घेऊ नये.