तासाचा दर आणि वर्षाची कमाई

मंडळाच्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत एका तरुण मित्राने मला गाठले. इथेच ह्यूस्टनमध्ये एका तेल कंपनीत तो सॉफ्टवेअरची नोकरी करतो. पगार वर्षाला १ लाख २० हजार डॉलर. त्याला ताशी ९० डॉलरचे कन्सल्टिंग चालून आले होते. "दादा, वर्षाचे २,०८० तास धरले तर १ लाख ८७ हजार होतात. नोकरीत राहणे म्हणजे वेडेपणाच नाही का?" पानात वरणभात पडेपर्यंत या प्रश्नाचे उत्तर देणे शक्य नव्हते, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी सीपीए नाही की विमा एजंटही नाही. कराडहून इंजिनिअरिंग करून इथे आलेला साधा सॉफ्टवेअरवाला आहे. काही वर्षे नोकरी केली आणि २०१७ पासून स्वतःची एलएलसी काढून तेल टर्मिनल व टँकर कंपन्यांची कामे करतो. (माझे ग्रीन कार्ड पत्नीमुळे लवकर झाले. एच-१बी वर असणाऱ्यांनी इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.) जहाजाचा कप्तान रोज दुपारी जो 'नून रिपोर्ट' पाठवतो, त्यात जहाज कुठे आहे, किती अंतर कापले, किती इंधन जळले हे असते. त्या आकड्यांचा हिशेब ठेवणे आणि धक्क्यावर ठरल्यापेक्षा जास्त वेळ गेला तर डेमरेज किती होते ते काढणे, असे माझे काम. जहाजाच्या थांबलेल्या प्रत्येक तासाचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाने स्वतः थांबला तर काय होईल याचा हिशेब केला नव्हता, हे कबूल करतो.

आधी मित्राचे गणित पाहू. २,०८० तास कोणालाच मिळत नाहीत. सणवार, सुट्टी, आजारपण मिळून ३० दिवस गेले, म्हणजे २४० तास. एक करार संपून दुसरा मिळेपर्यंत दीड महिना धरा. आणखी २४० गेले. उरले १,६००, म्हणजे १ लाख ४४ हजार. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर नोकरीत निम्मा मालक भरतो. इथे मालकही आपणच, म्हणून पूर्ण १५.३ टक्के आपल्या अंगावर. जादा निम्म्याचे सुमारे दहा हजार झाले. आमच्या तिघांच्या आरोग्यविम्याचा पूर्ण हप्ता महिना १,८०० डॉलर होता आणि नोकरीत असताना माझ्या पगारातून ५०० कापत. तो फरक वर्षाला साडेपंधरा हजार. कंपनी ४०१(के) मध्ये घालत होती ते चार टक्के गेले. व्यावसायिक जबाबदारीचा आणि अपंगत्वाचा विमा मिळून चार हजार धरले, तर हातात १ लाख १० हजारांच्या आसपास राहतात. म्हणजे आजच्या पगारापेक्षा कमीच! खर्चाच्या वजावटी मिळतात, सेप-आयआरएमध्ये जास्त पैसे टाकता येतात, हे खरे. पण त्यासाठी आधी पैसे हातात यावे लागतात, आणि इथे बिल दिल्यापासून ६० दिवसांनी चेक येणे ही नित्याची गोष्ट आहे. १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर व १५ जानेवारी या कर भरण्याच्या तारखा मात्र चेकसाठी थांबत नाहीत.

हे सारे कागदावरचे झाले. मला शहाणपण आले ते २०१८ च्या फेब्रुवारीत. शिप चॅनेलवर लागलेल्या एका टँकरवर सॉफ्टवेअर बसवायला गेलो होतो. पाऊस होता. उतरताना गँगवेवर पाय घसरला आणि उजवे मनगट मोडले. ऑपरेशन झाले, आत प्लेट बसली. सात आठवडे मला टाइप करता आले नाही, म्हणजे सात आठवडे बिल नाही. स्वस्त म्हणून घेतलेल्या विम्याचे डिडक्टिबल ६,५०० डॉलर होते, तेही गेले. क्लायंट काही देईल या आशेने करार काढून वाचला. सही करताना वाचायला हवा होता तो! त्यात 'नॉक फॉर नॉक' नावाचे कलम होते. तेल आणि जहाजांच्या धंद्यात ते सर्रास असते. चूक कोणाचीही असो, प्रत्येकाने आपापली माणसे आणि आपापली मालमत्ता सांभाळायची. मोठ्या कंपन्यांना ते सोयीचे आहे. माझ्या कंपनीतली सगळी माणसे म्हणजे मी एकटा. वर्कर्स कॉम्पेन्सेशनही नाही. टेक्सासमध्ये तर खासगी मालकांवर ते घेण्याची सक्तीच नाही, मग कंत्राटदाराला कोण विचारतो? मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. पत्नी घरी होती. डाव्या हाताने मी बँकेचे स्टेटमेंट चाळत बसायचो.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की नोकरी सोडण्याआधीच अपंगत्वाचा वैयक्तिक विमा घ्या. नंतर मागायला गेलात तर बहुतेक कंपन्या धंद्याच्या एक-दोन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद मागतात आणि नव्या कन्सल्टंटकडे ते नसतात. जुना आरोग्यविमा कोब्राखाली सहसा १८ महिने चालू ठेवता येतो. पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्क्यांपर्यंत द्यावे लागतात, पण निर्णयाला किमान ६० दिवस असतात आणि मागील हप्ते भरले की विमा मागील तारखेपासून लागू होतो.

दुसरी गोष्ट तेलाची. २०१४ च्या उन्हाळ्यात १०० डॉलरच्या वर असलेले पिंप २०१६ च्या सुरुवातीस ३० च्या खाली आले, तेव्हा मी नोकरीत होतो. आमच्या मजल्यावरचे कन्सल्टंट सर्वांत आधी गेले. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकन तेलाचा मे महिन्याचा सौदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. त्याच आठवड्यात एका क्लायंटची दहा दिवसांची नोटीस मला आली. वाचलो ते टँकरवाल्या क्लायंटमुळे. तेल ठेवायला जागा नव्हती, लोक जहाजेच गोदामासारखी भाड्याने घेत होते, टँकरचे दर गगनाला भिडले होते आणि डेमरेजच्या हिशेबांना ऊत आला होता. दर वेळी असे होईल असे नाही, पण दोन क्लायंट एकाच नावेत नसावेत एवढे मी तेव्हा शिकलो.

आपल्या लोकांचे मला नवल वाटते ते इथेच. कमाई तेलावर, घर तेलाच्या गावात, आणि बचत कशात, तर त्याच कंपन्यांच्या शेअरमध्ये! १९८६ मध्ये तेल कोसळले तेव्हा ह्यूस्टनमधल्या घरांच्या किमतीही पडल्या होत्या. दाभोळमुळे आपल्या सर्वांना ठाऊक असलेली एन्रॉन याच गावची. २००१ च्या डिसेंबरात ती बुडाली, तेव्हा कित्येकांची नोकरी आणि ४०१(के) मधले कंपनीचे शेअर एकदमच गेले.

मंडळातले एक काका म्हणाले, "कायमची नोकरी तरी कुठे कायमची असते?" बरोबर आहे. मीही कन्सल्टिंग सोडलेले नाही, काम मला आवडते. पण आज आमचा आरोग्यविमा पत्नीच्या इस्पितळातल्या नोकरीतून येतो, आठ महिन्यांचा घरखर्च बँकेत वेगळा आहे, म्हणून मला ते परवडते.

मित्राला परवा फोन करून विचारले, करारात 'नॉक फॉर नॉक' आहे का? त्याने अजून वाचलाच नव्हता. दिवाळीच्या फराळाला तो आमच्याकडे येणार आहे, करार घेऊन.