काटा वर चढत होता!

मागच्या पावसाळ्याआधीची गोष्ट. शिरूरहून न्हावऱ्याकडे जाताना रस्त्यापासून थोडी आत एका मित्राची कांदाचाळ आहे. म्हणजे आता ती नावालाच कांदाचाळ. दोन्ही बाजूंनी हवा खेळायला ठेवलेल्या फटी, वर पत्रा, आणि आत कांद्याच्या जागी... एक छोटीशी, हिरवीगार, दोन सीटची स्पोर्ट्स कार! लांब नाक, बाहेर आलेली चाकं, दार नाहीच, टांग टाकून आत बसायचं. १९५७ साली कॉलिन चॅपमनने आणलेल्या लोटस सेव्हनची ही नक्कल. मित्र आठवडाभर खराडीच्या काचेच्या इमारतीत कोड लिहितो आणि शनिवारी पहाटे पुणे-नगर रोडने गावाकडे सुटतो, ते या पोरीसाठी. (बायकोसमोर 'पोरगी' म्हणायचं नाही, असं ठरलंय.)

ही हौस आपल्याकडे नवी नाही बरं. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने याच घराण्याची रोडस्टर बनवली होती, तीसुद्धा अँबॅसेडरमध्ये यायचं त्या १.८ लिटर इसुझु इंजिनावर. मित्राने तिथूनच धडा घेतला. त्याच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, अँबॅसेडर १८०० आयएसझेड गोठ्यामागे गंजत उभी होती. बॉडी भंगारात गेली, इंजिन मात्र अण्णांनी दिलं. 'दिलं' हा शब्द सोपा आहे हो. त्या गाडीतून अण्णांनी मार्केट यार्डात माल नेलाय, मित्राच्या आईला दवाखान्यात नेलंय, मुलीची वरात काढलीय.

गाडी जवळपास तयार झाली, आणि मग आली सगळ्यात मजेची खरेदी : मीटर! इथे मित्राने माझा सल्ला घेतला. आणि मी, दर आठवड्याला तुम्हाला गाड्यांबद्दल शहाणपण शिकवणारा मी, सल्ला दिला. काय दिला? क्रीम रंगाची तबकडी घे, क्रोमची कडा घे, काटे काळे घे. फोटोत कसले दिसतील!

दिसत होतेच. जुन्या स्पोर्ट्स कारचा डॅशबोर्ड ही गोष्टच अशी आहे की माणूस हळवा होतो. ब्रिटिश गाड्या म्हणजे स्मिथ्स किंवा येगर, जर्मन म्हणजे व्हीडीओ, इटालियन म्हणजे व्हेलिया. पोर्शे ९११ मध्ये स्पीडोमीटरला बाजूला सारून मधोमध टॅकोमीटर ठेवला, कारण चालवणाऱ्याला आधी इंजिन काय म्हणतंय ते कळायला हवं. आज रांजणगावच्या एमआयडीसीत २०१७ पासून जीप कंपास बनते, तिच्यासकट सगळ्याच नव्या गाड्यांचा डॅशबोर्ड टीव्हीच्या दुकानासारखा होत चाललाय. त्यामुळे खरा काटा, खरी काच, बारीकशी थरथर यांची ओढ वाटणं साहजिक आहे. फक्त एक गोष्ट माझ्या सल्ल्यातून राहून गेली. मीटर म्हणजे अर्धंच यंत्र. उरलेलं अर्धं इंजिनात बसतं, त्याला सेंडर म्हणतात, आणि या दोघांची भाषा एक असावी लागते.

ही भाषा ओहममध्ये बोलली जाते. सेंडर हा बदलता रेझिस्टन्स. तेलाचा दाब बदलला की रेझिस्टन्स बदलतो, मीटर तो मोजून काटा हलवतो. व्हीडीओच्या पद्धतीत दाब शून्य असताना साधारण १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० च्या पुढेमागे. अमेरिकन स्ट्युअर्ट वॉर्नरची पद्धत बरोबर उलटी : शून्याला २४०, पूर्ण दाबाला ३३. दोन्ही सेंडर दिसायला जुळे भाऊ, पितळी बूड आणि वर डबी. आमच्या तबकडीत पहिली भाषा होती. मित्राने वेगळ्या दुकानातून, घाईत, स्वस्तात उचललेला सेंडर दुसऱ्या भाषेतला निघाला.

आता बघा काय झालं. चावी फिरवली, इंजिन बंद, तरी ऑइल प्रेशरचा काटा थेट शेवटच्या टोकाला! आम्ही दोघं खूश. हल्लीच्या गाड्यांत चावी लावली की सगळे काटे एकदा टोकाला जाऊन सलाम ठोकून परत येतात ना, तसंच काहीतरी असेल म्हटलं. इंजिन सुरू केलं की काटा खाली यायचा. रेस दिली की आणखी खाली. खरं तर दाब रेस दिल्यावर वाढतो, हे शाळकरी पोराला कळावं. पण क्रीम तबकडीवर काळा काटा इतका देखणा हलत होता की आम्ही म्हटलं, जुनं इंजिन आहे, प्रेशर जरा कमीच असणार.

गाडी आम्ही शेतातल्या खासगी रस्त्यावरच चालवायचो. याचं कारण कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळी गाडी करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. २०२१ ची व्हिंटेज नोंदणी, ती 'व्हीए' अक्षरांची ऐटबाज नंबरप्लेट, ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांसाठी आहे. नकलेला तिथे जागा नाही. तेव्हा असा बेत तुमच्या डोक्यात असेल तर आधी आरटीओची पायरी चढा, मग क्रोम बघा.

त्या रविवारी मित्राने ऑइल बदललं, नवा फिल्टर घातला. जुन्या फिल्टरचं रबरी वायसर इंजिनाला चिकटून राहिलं होतं, ते त्याला दिसलं नाही. नवं त्यावरच बसलं. दुसऱ्या फेरीला मी शेजारी बसलो होतो. उसाच्या कडेने गाडी निघाली आणि मी काय पाहिलं सांगू? ऑइल प्रेशरचा काटा वर चढत होता! दोन, तीन, चार, शेवटचं टोक. मी मित्राच्या मांडीवर थाप मारून ओरडलो, "बघ, नव्या ऑइलचा इफेक्ट!"

मागे धुळीत तेलाची काळी रेघ पडत होती. ती अण्णांनी बांधावरून पाहिली. ते हात हलवत होते, आम्हाला वाटलं टाटा करतायत. मग खाली ठकठक, मग एक वाईट आवाज, मग काहीच नाही.

बेअरिंग गेली होती, क्रँकवर ओरखडे आले होते. अण्णा गाडीपाशी आले, वाकून डॅशबोर्डकडे बघितलं. सहा चकचकीत मीटर. म्हणाले, "आमच्या गाडीत एक लाल बत्ती होती रे. ती लागली की गाडी उभी करायची." एवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पुढचे पाच महिने मी दर पंधरा दिवसांनी तिथे जात होतो. क्रँकला ग्राइंडिंग झालं, बेअरिंग अंडरसाइज बसली, इंजिन वाचलं. खर्चातला अर्धा वाटा मी उचलला, आणि मीटरबद्दल जे आधी शिकायला हवं होतं ते शिकलो.

पहिलं म्हणजे मीटर आणि सेंडर एकाच घरचे घ्या, शक्यतो एकाच बॉक्समध्ये. बसवण्याआधी मल्टिमीटर लावून सेंडरचा रेझिस्टन्स बघा आणि मीटरच्या कागदाशी ताडून पाहा. पाच मिनिटांचं काम. तापमानाचा सेंडर असेल तर त्याचं टोक घरच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात बुडवा (बूड आणि मीटर यांची अर्थ जोडायला विसरू नका). आपल्या पठारावर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, काटा तिथे जायला हवा. स्पीडोमीटरचंही तसंच. जुन्या पद्धतीत केबल एक चुंबक फिरवते, चुंबक ॲल्युमिनियमची वाटी ओढतो, बारीक स्प्रिंग तिला अडवते. यात टायरचा घेर गृहीत धरलेला असतो. टायर १० टक्के मोठा बसवलात की खरे १०० असताना मीटर ९१ दाखवणार. शेजाऱ्याच्या हातात जीपीएसवाला मोबाइल द्या आणि तपासा. टॅकोमीटर घेताना किती सिलिंडरचा ते बघा, चार सिलिंडरच्या इंजिनाला फेऱ्यामागे दोन ठिणग्या पडतात, व्ही-८ ला चार. व्ही-८ चा देखणा टॅकोमीटर आपल्या इंजिनाला लावला तर तो निम्मे आरपीएम दाखवेल आणि तुम्ही बिनधास्त पाय दाबत राहाल.

अँमीटरच्या प्रेमात पडू नका. दिसतो क्लासिक, पण गाडीचा जवळपास सगळा करंट डॅशबोर्डमागून फिरवून आणावा लागतो. जुने अँमीटर ३० अँपिअरचे, आजचे अल्टरनेटर त्याच्या दुप्पट. फायबरच्या बॉडीत तापलेली वायर नको रे बाबा. व्होल्टमीटर लावा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या मध्ये असला की झोप लागते.

आणि जागा. आमचं ऑइल प्रेशर पार डावीकडे होतं, कारण तिथे सिमेट्री साधली होती. ड्रायव्हरला ते दिसायचंच नाही, मलाच दिसायचं, आणि माझी अक्कल तुम्ही पाहिलीत. आता ते स्टिअरिंगच्या वर्तुळातून सरळ दिसतं. रेसवाल्यांची एक जुनी युक्तीही वापरलीय : प्रत्येक मीटर थोडा फिरवून असा बसवायचा की सगळं ठीक असताना प्रत्येक काटा सरळ वर, बाराकडे. मग आकडे वाचावे लागत नाहीत, वाकडा काटा आपोआप डोळ्यात येतो. तबकडीवरचे अंक तिरके दिसतात, फोटो बिघडतो. बिघडू दे. क्रोमच्या कडाही गेल्या. उघड्या गाडीत संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड केलं की त्या कडांतून सूर्य थेट डोळ्यांत यायचा.

ऑइल प्रेशरचं मीटर या खेपेला मेकॅनिकल घेतलं. इंजिनातून बारीक नळी येते, तेल खरोखर मीटरपर्यंत पोचतं, आत वाकलेली पितळी नळी दाबाने सरळ व्हायला बघते आणि काटा हलतो. ओहम नाही, भाषांतर नाही. नळी फुटली तर गरम तेल पायावर, हा तोटा आहे, म्हणून ती रबरी बुशातून नेलीय, कुठे घासत नाही ना ते दर महिन्याला बघायचं.

दिवाळीनंतरच्या शनिवारी इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं होतं. मित्राने चावी अण्णांच्या हातात दिली. "अण्णा, तुम्हीच करा." अण्णा टांग टाकून आत बसायला तयार नव्हते, बाहेरूनच वाकले. चावी फिरवली तशी डॅशबोर्डवर, सगळ्या मीटरांच्या बरोबर मधोमध, एक जाडजूड लाल बत्ती पेटली. स्वस्तातला प्रेशर स्विच आणि ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानातली काच. क्रीम तबकड्यांमध्ये ती अगदी विजोड दिसते.

इंजिन लागलं. बत्ती विझली, काटा उठून चारवर गेला. अण्णांनी काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बत्तीवर बोट ठेवून मला म्हणाले, "पुणेकर, ही विझलेली आहे तोवर बसा शेजारी."