शीतपेटी आणि व्यापाऱ्याची पत

५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबई बंदरातून लंडनकडे निघाली. ही बोट ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतलेली होती आणि ती चालविणाऱ्या कंपनीचे नाव सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन असे होते. त्या कंपनीच्या संस्थापकांत सोलापूरचे वालचंद हिराचंद हे जैन व्यापारी होते. भारतीय मालकीच्या जहाजाच्या त्या सफरीच्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून आजही पाळला जातो. समुद्रापासून इतक्या दूर वसलेल्या ग्वाल्हेरच्या धान्य-व्यापाऱ्याने सागरी वाहतुकीविषयी चार शब्द लिहावेत, यात कोणास नवल वाटू नये, एवढ्याचसाठी हा उल्लेख.

लिहिण्याचे निमित्त असे की, आपल्यातील अनेक तरुण बंधू सांप्रत ताजी फळे आणि गोठविलेला वाटाणा परदेशी पाठविण्याच्या व्यापारात भांडवल घालण्याचा विचार करीत आहेत. वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘नाशवंत मालात हात घालू नये; रात्रीतून पैशाचे पाणी होते.’ तरुण म्हणतात, ‘पेटीच थंड आहे, मग चिंता कसली?’ माझ्या मते दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि अर्ध्या सत्यावर घातलेले भांडवल बुडण्यास वेळ लागत नाही.

थंड केलेला माल समुद्रापार नेण्याची विद्या नवी नाही. न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्स बंदरातून १५ फेब्रुवारी १८८२ रोजी ‘डनेडिन’ नावाचे शिडाचे जहाज निघाले आणि ९८ दिवसांनी लंडनला पोहोचले. त्याच्या पोटात शीतयंत्र बसविलेले होते. आतील माल मांसाचा होता. तो आपल्या आचाराच्या व व्यवहाराच्या बाहेरचा. आजही आपल्या देशातून गोठवून जाणाऱ्या मालात कोळंबीचा आणि म्हशीच्या मांसाचा भाग मोठा आहे, म्हणून काही बंधूंना हा व्यापारच त्याज्य वाटतो. त्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे. परंतु यंत्राला धर्म नसतो; माल निवडणाऱ्याला असतो. द्राक्षे, डाळिंबे, आंबे, वाटाणा यांची निवड करणे आणि आपली वखार केवळ त्यांच्यासाठीच राखणे आपल्या हाती आहे.

आता यंत्राविषयी. पुष्कळांची समजूत अशी की, माल कसाही भरला तरी पेटी तो थंड करील. वस्तुस्थिती तशी नाही. शीतपेटी मालाचा थंडपणा टिकविते. गरम माल थंड करण्याची तिची शक्ती फार थोडी. म्हणून द्राक्षे तोडल्यावर काही तासांतच पूर्वशीतगृहात नेऊन शून्य अंशाच्या जवळ आणावी लागतात आणि मगच पेटीत भरावी लागतात. पेटीच्या तळाच्या खाचांतून थंड हवा वर येते. खोकी वेडीवाकडी रचली तर तिची वाट अडते आणि एका कोपऱ्यातील माल कुजू लागतो. शिवाय प्रत्येक मालाची थंडी निराळी. गोठविलेल्या वाटाण्यास उणे १८ अंश लागतात. केळे वा आंबा सुमारे १३ अंशांच्या बराच खाली गेला तर थंडीनेच काळवंडतो. ज्याने आयुष्यभर गहू आणि हरभरा एकाच वखारीत शेजारी शेजारी ठेविला, त्याला हा भेद मुद्दाम शिकावा लागेल.

या बाबतीत महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. १९८९ साली न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले. १९९१ साली बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ उभी केली. एकट्या बागायतदारास न पेलणारे पूर्वशीतगृह, वेष्टन आणि परदेशी खरेदीदारांशी पत्रव्यवहार हे सारे सामायिक झाले आणि नाशिक-सांगलीकडची द्राक्षे युरोपच्या बाजारात नियमाने दिसू लागली. पुढे बागेची नोंदणी आणि प्रत्येक खोक्याचा मूळ बागेपर्यंत माग काढण्याची व्यवस्थाही आली.

तरीही २०१० साली मोठा आघात झाला. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधक औषधाचा अंश मर्यादेहून अधिक आढळल्यामुळे युरोपात आपल्या द्राक्षांच्या पेट्या अडकल्या. शीतयंत्रे बिघडली नव्हती, जहाजे बुडाली नव्हती. तरी बागायतदार व निर्यातदार दोघेही नुकसानीत गेले. पुढे २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. २०२४ च्या हंगामात युरोपचा प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला आणि भाडे चढले. गव्हाची गोणी दोन आठवडे उशिरा पोहोचली तर व्याज वाढते. द्राक्षाचे खोके उशिरा पोहोचले तर देठ वाळतो, आणि देठ वाळला की भाव गेला.

येथेच आपल्या पिढीजात बुद्धीची कसोटी आहे. मंदीत घ्यावे, साठवावे, तेजीत विकावे, हे धान्याच्या बाजारातील आपले शहाणपण. शीतपेटीच्या व्यापारात साठवणूक म्हणजे दररोजचे वीजभाडे आणि दररोजची घट. तेथे थांबून नफा होत नाही, वेळेवर पोहोचून होतो. दुसरे असे की, ताजा माल पुष्कळदा आडतीवर जातो. भाव ठरतो तो माल परदेशी उतरल्यानंतर. अशा वेळी तोटा झाला की तो मुकाट्याने शेतकऱ्याच्या नावे लिहिण्याचा मोह होतो. ज्याने ऊन-पावसात माल पिकविला त्याला, परदेशी बाजारात काय घडले याचा हिशेबही न दाखविता, कमी पैसे घेऊन परत धाडणे ही चोरीच होय, मग कागद कितीही चोख असोत.

म्हणून माझी सूचना अशी. पहिली गोष्ट, कोणीही एकट्याने या व्यापारात उडी घालू नये. पाच-दहा पेढ्यांनी मिळून एक पूर्वशीतगृह आणि वेष्टनगृह उभारावे. दुसरी, आपण बंदरापासून हजार किलोमीटरांहून दूर आहोत; तेव्हा आरंभ गोठविलेल्या वाटाण्यासारख्या मालाने करावा, कारण योग्य थंडीत तो महिनोन् महिने टिकतो. वाटाणा मध्य प्रदेशात मुबलक पिकतो. जबलपूरकडचा तर प्रसिद्धच आहे. तिसरी, शेतकऱ्याशी करार लेखी व्हावा. किमान भाव आधी ठरावा आणि तोट्याचा वाटा कोणाकडे किती, हेही आधीच लिहिले जावे. चौथी, औषधफवारणीची वही आणि पेटीच्या तापमानाची नोंद या दोन्हींना आपल्या रोजमेळाइतकेच पवित्र मानावे. पेटीतील यंत्र वाटेतील थंडीची नोंद ठेवीत असते. तिच्यात मागाहून खाडाखोड करून चालत नाही.

हे भांडवल कोणास जास्त वाटेल. परंतु डाळ बाजारात चाळीस वर्षे बसून मी एवढे पाहिले आहे की, ज्या पेढीने तोट्याच्या वर्षीही शेतकऱ्याचा पै-पैसा चुकता केला, तिच्या दारात पुढच्या हंगामी गाड्यांची रांग लागली. परदेशी ग्राहक आपले तोंड पाहत नाही, आपले कूळ जाणत नाही. तो खोके उघडतो आणि आतला माल पाहतो. आपल्या पूर्वजांनी हुंडीवर जी पत कमाविली, तीच आता त्या खोक्यात भरून पाठवावयाची आहे. तरुण बंधूंनी हा व्यापार अवश्य करावा. परंतु पेटीच्या थंडीवर विसंबून नव्हे, तर आपल्या शब्दाच्या पक्केपणावर विसंबून करावा, एवढीच नम्र विनंती.