बोर्डिंग नांदते राहावे

आज २६ जून, राजर्षी शाहू महाराजांची जयंती. कोल्हापूरच्या दसरा चौकात त्यांच्या पुतळ्याला हार चढतील. पण महाराजांचे काम पाहायचे तर चौकाभोवतीची बोर्डिंगे पाहावीत.

महाराजांच्या काळी खेड्यातल्या पोराला कोल्हापुरात शाळा होती. भाकरीची आणि अंथरूण टाकण्याची सोय नव्हती. सर्वांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले, तर तिथे एकाच जातीच्या मुलांचा भरणा झाला. मग महाराजांनी एकेका समाजाला मदत देऊन आपल्या मुलांची जबाबदारी घ्यायला लावली. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन, १९०६ साली मुस्लिम, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे रांगच लागली.

दारावरच्या जातींच्या पाट्या आज खटकतात, आणि खटकायलाच हव्यात. पण याच दारांतून त्या ओलांडणारी माणसेही निघाली. जैन बोर्डिंगात राहणारे भाऊराव पाटील मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले, परत आल्यावर शुद्धीसाठी अंघोळ करायला नकार दिला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढून सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या पंगतीसाठी अंगावरचे सोने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. कोल्हापूरची बोर्डिंगे जपायची ती या सगळ्या इतिहासासकट, त्यातल्या उणिवांसकट.

भर बाजारातली जुनी इमारत डागडुजीला आली की दुकानगाळ्यांचा विचार आधी सुचतो. संस्थेलाही पैसा लागतो, हे खरे. पण मुलांच्या खोल्या घटवून गाळे वाढवणे म्हणजे महाराजांनी ज्यासाठी मदत केली तो हेतूच मोडणे. नुसते संग्रहालय करणेही आम्हाला पटत नाही. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलांना आजही शहरात राहायला जागा हवी आहे.

म्हणून इमारतींना वारसा म्हणून संरक्षण मिळावे आणि दुरुस्तीचा भार शासनाने व महापालिकेने उचलावा. विश्वस्तांनी गाळ्यांच्या भाड्यातला पहिला वाटा मुलांच्या जेवणाला द्यावा आणि प्रवेश देताना जात न विचारता गाव किती लांब आहे, घरी शिकवायची ऐपत आहे का, एवढेच विचारावे. येत्या शैक्षणिक वर्षाचे प्रवेश याच दिवसांत होत आहेत.