घासून पुसून इतिहास

जगात मला दोन माणसांची मनापासून चीड आहे. एक, पाचशेच्या नोटेवर साडूचा मोबाइल नंबर लिहून ठेवणारा. आणि दुसरा, जुनी वस्तू ‘अगदी नव्यासारखी’ करून आणणारा. पहिल्याला मी काउंटरवरून चार शब्द सुनावू शकतो. दुसऱ्याचे मात्र जिकडेतिकडे कौतुक होते. म्हणून हा लेख त्याच्यासाठी.

विषय जुन्या रिव्हॉल्व्हरांचा आहे. बीडच्या माणसाने रिव्हॉल्व्हरवर लिहायचे म्हणजे वाचक आधी दाराची कडी लावून घेणार, हे मी जाणून आहे. 2025च्या सुरुवातीला आमच्या जिल्ह्यातले शस्त्रपरवाने तपासायला घेतले, तेव्हा आकडा हजाराच्या पुढे निघाला आणि त्यातले कितीतरी रद्द झाले. तेव्हापासून पुण्याकडचे पाहुणे जेवायला बसतानासुद्धा यजमानाच्या कमरेकडे चोरून बघतात. माझ्या कमरेला फक्त पट्टा आहे, आणि तोही शेवटच्या भोकावर आलेला आहे.

मी बोलतो आहे ते वेगळ्या रिव्हॉल्व्हरबद्दल. हे लग्नाच्या वरातीत हवेत वाजत नाही. ते म्हातारे झालेले असते, त्याचे चक्र फिरत नाही, घोडा अडकलेला असतो. असे लोखंड जपणारे शौकीन जगभर आहेत. त्यांना गोळीशी कर्तव्य नाही. त्यांना नंबर हवा असतो. म्हणजे थोडक्यात, ते आमच्या बँकेत शोभण्यासारखे लोक आहेत.

आता वस्तू अस्सल की बनावट हे ओळखायचे कसे? मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने मला हे शास्त्र फारच लवकर पटले. फाटक्या नोटेचे दोन तुकडे झाले तरी आम्ही ती घेतो. पण दोन्ही तुकडे एकाच नोटेचे पाहिजेत. रिव्हॉल्व्हरचेही तेच. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे लष्करी रिव्हॉल्व्हर, ज्याचा पहिला नमुना 1887मध्ये आणि सहावा 1915मध्ये आला, ते हातात घेतले की जाणकार आधी चौकटीवरचा, नळीवरचा आणि चक्रावरचा नंबर जुळतो का ते बघतो. मग सरकारी मालाची ती बाणाची खूण. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील, तर ती वस्तू सरकारने रीतसर विकून टाकलेली. म्हणजे आपल्या खाते बंद केल्याच्या शिक्क्यासारखेच! नंतर स्क्रू बघायचे. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या दिसल्या, की समजावे, कुणीतरी घरातला पेचकस घेऊन आत शिरले होते. मूळ कारागिराने काढलेल्या कडा धारदार असतात आणि अक्षरे ठसठशीत. पॉलिशच्या चाकावर वस्तू गेली की कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात, अक्षरे पुसट होतात. वरून कितीही निळी झाक चढवा, लबाडी उघडी पडतेच. सरहद्दीपलीकडे दऱ्याखोऱ्यांत हाताने बनवलेल्या नकलांवर तर म्हणे इंग्रजीतला एन उलटा कोरलेला सापडतो. बनावट सहीतसुद्धा चोर नेमका असाच कुठेतरी घसरतो.

आमच्याकडे सोनेतारणाला जे सराफ येतात, ते दागिना कधी चकाकीवरून जोखत नाहीत. कसोटीवर घासतात आणि गप्प बसतात. त्यांची ती गप्प बसण्याची कला आमच्या गढीवाल्यांना कुणीतरी शिकवायला पाहिजे.

कारण मराठवाड्यात वस्तू कमी आणि गोष्टी फार. अंबाजोगाई म्हणजे जुने मोमिनाबाद. तिथे हैदराबाद काँटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. तेव्हा आसपासच्या एखाद्या वाड्यातल्या पेटीत जुने रिव्हॉल्व्हर निघाले, तर त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. आमच्या एका खातेदाराने मला त्यांचे घरचे रिव्हॉल्व्हर दाखवले. चांदीच्या ताटासारखे लखलखत होते.

‘‘सायेब, पंजोबाच्या पंजोबाचं हाय. राक्षसभुवनच्या लढाईत चाललेलं!’’

राक्षसभुवनची लढाई 1763 सालची. थोरल्या माधवरावांनी निजामाला गोदाकाठी धूळ चारली ती. आणि रिव्हॉल्व्हरचा जनक सॅम्युएल कोल्ट जन्मला 1814 साली; त्याचे पेटंट 1836चे. म्हणजे खातेदाराच्या पूर्वजाने हत्यार आधी चालवले आणि त्याचा शोध त्र्याहत्तर वर्षांनी लागला. असे पराक्रम आमच्या जिल्ह्यातच होऊ शकतात.

मी नंबर विचारला. ‘‘नंबर कशाला? लई गंजलं होतं. निकेल करून आणलं. आता बगा, आरशावानी!’’

त्या आरशात मला कुणीतरी खून केलेला दिसला. शंभर वर्षे त्या लोखंडाने आपला जन्मदाखला अंगावर सांभाळला होता; निकेलवाल्याने तो अर्ध्या तासात पुसला. चेकवर तारखेवर जरी खाडाखोड झाली तरी 1881चा कायदा तो चेक रद्द समजतो. आणि इथे अख्खा इतिहास खोडून वर चमक लावली, तर आपण म्हणतो, ‘वा! काय ठेवलंय जपून!’

नंबराची किंमत काय असते ते सांगतो. 17 डिसेंबर 1928 रोजी लाहोरला साँडर्सचा वध झाला. त्यात आपल्या खेडचे राजगुरू होते. भगतसिंगांचे पिस्तूल कोल्ट कंपनीचे होते आणि त्याचा नंबर खटल्याच्या कागदांत नोंदलेला होता: 168896. ते पिस्तूल 1969मध्ये फिल्लौरहून इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रप्रशिक्षण शाळेत आले आणि इतर हत्यारांच्या रांगेत पडून राहिले. गंजू नये म्हणून त्यावर काळा रंग फासलेला. पुढे कित्येक वर्षांनी कुणाच्या तरी मनात आले, रंग खरवडला आणि खालून नंबर निघाला. 2017मध्ये पिस्तूल हुसैनीवाल्याच्या संग्रहालयात गेले. रंग फासणाऱ्यांना मी दोष देत नाही. रंग खरवडता येतो. पण त्या जागी आमचा निकेलवाला असता, तर आज ते ‘एक जुने पिस्तूल’ एवढेच राहिले असते.

काही जण म्हणतील, ‘‘घरची वस्तू आमची, आम्ही घासू नाहीतर पुरू, तुमच्या बँकेचं काय जातं?’’ बँकेचे काही जात नाही; तुमचे मात्र जाऊ शकते. 1959च्या शस्त्र कायद्याच्या आठव्या कलमात बंदुकीवरचा नंबर किंवा खूण पुसायला मनाई आहे. वापरात न येणाऱ्या आणि दुरुस्त करूनही न चालणाऱ्या पुराण्या हत्याराला पंचेचाळिसावे कलम सोडून देते. पण चालणारे हत्यार आजोबांचे असले तरी त्याला परवाना लागतो. म्हणजे गंज हाच तुमचा वकील आहे. त्याला घासून कशाला घालवता?

दुसरा आक्षेप जास्त नाजूक आहे: ‘‘गोष्ट खोटी का असेना, घराण्याचा अभिमान तर राहतो!’’ इथेच माझे खरे भांडण आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे 2024च्या जुलैमध्ये साताऱ्यात प्रदर्शनाला आली. अफझलखानाच्या वेळची हीच ती, हे सिद्ध करता येत नाही, असे त्या म्युझियमनेच सांगून ठेवले होते. त्यावर आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! मला मात्र ते वाक्य आवडले. ज्याला ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणता येते, त्याच्या ‘नक्की आहे’ला वजन येते. शिवाजी महाराजांचा पराक्रम लोखंडाच्या तुकड्याने मोठा होत नाही, तसा तो तुकडा नसल्याने लहानही होत नाही. ही गोष्ट महाराजांना लागू पडते, तर आपल्या पंजोबांना का नाही?

खरे तर पंजोबांनी लढाई केली नसेल. छावणीतल्या एखाद्या गोऱ्या साहेबाकडून उसने पैसे परत येईनात म्हणून ते रिव्हॉल्व्हर गहाण ठेवून घेतले असेल आणि साहेब बदली होऊन गेला असेल. ही गोष्ट राक्षसभुवनापेक्षा कमी वाटते काय? मला तर ती जास्त भावते. बुडीत कर्जाचे तारण शंभर वर्षे सांभाळणारा माणूस आमच्या खात्यात अजून निघालेला नाही. पण ती गोष्ट खरी की खोटी, हे ज्या आकड्यांवरून शोधता आले असते, ते आकडे निकेलखाली गेले.

तेव्हा मायबाप वाचकहो, माळ्यावर काही जुने सापडले तर चिंच लावू नका, ब्रासो लावू नका, पॉलिशवाल्याचे दुकान विचारू नका. हत्यार असेल तर आधी पोलीस ठाण्यात विचारा. तांब्या असेल, अडकित्ता असेल, आजीचा पानाचा डबा असेल, तर मऊ फडक्याने धूळ पुसा आणि सोबत एका चिठ्ठीवर लिहून ठेवा: कुणाकडून आले, कधी आले. आठवत नसेल तर तसे लिहा. पूर्वजांनी आपल्याला वस्तू दिली, त्यावरचा काळही त्यांनीच दिला आहे. ठेवीदाराची ठेव वारसाला जशीच्या तशी पोचवायची असते. वाटेत तिला चमक आणण्याचा अधिकार कारकुनाला नाही.